जिन्याखाली ठेवलेली नावं

पंप दुरुस्तीच्या दुकानाला लागून एक लोखंडी जिना वर जातो. वर पूर्वी टायपिंगचा वर्ग चालायचा. मशिनं कधीच भंगारात गेली, पण टेबलांवर त्यांच्या पायांचे गोल खड्डे अजून आहेत. त्या खड्ड्यात चहाचा कप ठेवला की तो हलत नाही, आणि न हलणारा कप या खोलीत फार मोलाचा. कारण खाली दुकानदाराने दुरुस्त केलेला पंप चालवून बघायला घेतला की वरच्या खिडक्या थरथरतात. बोलणारा हात वर करून थांबतो, आणि पंप बंद झाला की वाक्य जिथे सोडलं तिथूनच उचलतो. पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटतं, आपण वाट चुकून भलतीकडे आलो.

दर शनिवारी दुपारी इथे एक मंडळ जमायचं. कसलं मंडळ, हे ते सुरू करणारी बाईही कुणाला एका दमात सांगू शकली नाही. हल्ली मोठं गिऱ्हाईक माल उचलण्याआधी कारखान्याला विचारतं, एवढा माल बनवायला पाणी किती ओतलंत? वीज किती जाळलीत? हवेत काय सोडलंत, गाळ कुठे टाकलात? उद्याच्या लोकांसाठी काही शिल्लक राहील अशा बेताने चाललंय ना तुमचं? या सगळ्या उत्तरांच्या भेंडोळ्याला शाश्वतता अहवाल असं भारदस्त नाव आहे. मालक तो प्रश्नांचा गठ्ठा बघून कपाळाला हात लावतो आणि कारखान्यात जो कुणी 'नाही' म्हणायला लाजतो त्याच्या टेबलावर ढकलतो. त्या बिचाऱ्याला विचारायला कुणी नसतं. पुस्तकात नवीकोरी सरळ पाइपलाइन असते. याच्यापुढे असते ती गंजलेली, चार ठिकाणी वाकलेली, आणि जिचं मीटर कुणीतरी उलटं बसवून ठेवलंय अशी.

मंडळ सुरू करणारी ती बाई स्वतः अशीच एकटी पडली होती. कापड रंगवण्याच्या कारखान्यात ती प्रयोगशाळा सांभाळायची. रंगाच्या पाण्याचे नमुने तपासता तपासता सगळ्या कारखान्याचं मोजमाप तिच्या गळ्यात आलं. एका प्रशिक्षणात तिला एक गृहस्थ भेटले. केस पांढरे, आवाज बॉयलरसारखा. त्यांच्याकडे वाफेचा हिशेब होता आणि तो काही केल्या जुळत नव्हता. दोघांनी जेवणाच्या सुट्टीत एकमेकांच्या चुका काढल्या, आणि दोघांनाही इतकं हलकं वाटलं की पुढच्या शनिवारी पुन्हा भेटायचं ठरलं. हे वाफकाका. टायपिंगची खोली त्यांनीच मिळवली.

माणसं वाढली तशी एक अडचण आली. कारखान्याचे आकडे बाहेर सांगायचे नसतात. सांगितले तर नोकरी जाते, आणि न सांगता शिकायचं कसं? तेव्हा तिनेच तोडगा काढला. नाव जिन्याखाली ठेवून वर यायचं. स्वतःचं नाही, कारखान्याचं नाही, गावाचंही नाही. वर फक्त आकडा आणायचा आणि तो कसा काढला ते सांगायचं. कागद नाही, फोटो नाही. हाक मारायला टोपणनावं. कचरा मोजणारी एक कचरावाली होती आणि तिला त्याचा अभिमान होता. सगळ्यांत उंच, मान पुढे काढून चालणारा तरुण होता, तो उंट. आणि प्रत्येक वादात "आधी सरासरी काढा" म्हणणारी ती स्वतः, सरासरीताई.

नियम फार चांगला चालला. माणसं इथे पोटातलं बोलू लागली. "माझा आकडा चुकलाय" हे वाक्य कारखान्यात जीभ चावून गिळावं लागायचं, ते इथे हसत हसत म्हणता यायचं. कुणाच्या आकड्यामागे कुठली भिंत आहे, कुठलं फाटक आहे, याचा विचार करायचाच नाही, अशी सवय मनाला लावून घ्यावी लागली. ती सवय सरासरीताईला सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत पक्की लागली.

घरी मात्र तिचं काम हा चेष्टेचा विषय होता. घर म्हणजे दादाचं घर. वडील लवकर गेले तेव्हा दादाने शाळा सोडली आणि तो कागदाच्या कारखान्यात सांडपाण्याच्या विभागात लागला. ती रसायनशास्त्र शिकली ती त्याच्या जोरावर. पुढे ती वेगळी खोली घेऊन राहू लागली, पण रविवारचं जेवण दादाकडे, यात कधी खंड पडला नाही.

"या मोजणीबाई," दादा दार उघडतानाच सुरू करायचा. "या आठवड्यात कुणाकुणाला तोललंत?"

"तुला तोलायचं राहिलंय," ती म्हणायची. "पण काटा मोडेल."

"बघ गं," तो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचा, "तुझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवते ही!"

"मला मध्ये ओढू नका," आतून वहिनी. "ताई, त्यांना भाताचं भांडं लांबच ठेवा."

दादाची मुलगी शाळेत होती. एकदा तिने विचारलं, आत्या नक्की काय करते? दादा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "कारखान्यांना ताप आलाय का ते बघते. औषध तिच्याकडे नाही. नुसतं थर्मामीटर." त्यावर सगळ्यांबरोबर तीही हसली होती.

कारखान्यातल्या ज्या गाळाच्या टाकीत तो साफसफाईला उतरायचा तिच्याबद्दलही तो असाच बोलायचा, घरातल्या एखाद्या तिरसट म्हातारीबद्दल बोलावं तसं. "सुट्टी मानवत नाही तिला. रविवारभर गाळ बसून राहतो, आणि सोमवारी झाकण उघडलं की अशी अंगावर येते! बाकीचे दिवस बिचारी गप्प."

"मग उतरतोस कशाला लगेच?" तिने विचारलं होतं.

"लगेच कुठे? आता बोर्ड आहे आमच्याकडे. झाकणापाशी यंत्र लावलंय तुमच्यासारख्या कुणीतरी, वायू मोजायचं. बोर्डावर आकडा लाल झाला की आम्ही चहा प्यायला. हिरवा झाला की खाली. पूर्वी नाकावर भरवसा होता, आता विज्ञानावर." आणि तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढत म्हणाला, "आहे, तुमच्या लोकांचाही थोडा उपयोग आहे."

तिला त्या वाक्याने आतून बरं वाटलं होतं. इतकं, की सोमवारी तिने ते प्रयोगशाळेतल्या मदतनिसालाही सांगितलं.

त्यानंतर काही शनिवार गेले असतील. उंटाची पाळी होती. तो बोलायला उभा राहिला की त्याचं डोकं पंख्याखाली येतंय की काय अशी सगळ्यांना धास्ती वाटायची.

"बस रे बाबा," वाफकाका म्हणाले. "नाहीतर आज तुझीच सरासरी काढावी लागेल."

उंट बसला. म्हणाला, "एक गाळाची टाकी आहे. तिच्या तोंडाशी वायूचं यंत्र आहे. आठवडाभर आकडा बरा असतो. सुट्टीनंतरच्या सकाळी झाकण उघडलं की उसळी. वर्षाचा हिशेब करायला बसलो की ही उसळी सगळा आकडा फुगवते. वरचे साहेब म्हणतात, एवढा वायू आपण सोडतच नाही. मलाही तसंच वाटतं. पण काढून टाकू कसा?"

"काढून टाकायचा नाही," सरासरीताई खडू घेऊन फळ्याशी गेली. असा प्रश्न आला की तिचे डोळे चमकायचे. तिने टाकी काढली, झाकण काढलं, कोपऱ्यातून वर जाणारी हवेची नळी काढली. "यंत्र चुकीच्या जागी आहे. तुला मोजायचंय काय? बाहेर हवेत वर्षभर किती जातं ते. ते जातं या नळीतून. झाकणापाशी काय मिळतं? पहिला भपका. तो कोंडलेला असतो, थोड्या वेळाने पांगतो. म्हणजे तू टाकीचा श्वास मोजायला बसलायस आणि मोजतोयस तिची शिंक."

खोलीत हशा पिकला. उंटही हसला.

"यंत्र नळीच्या तोंडाशी ने. मग सरासरी काढ."

"आणि बोर्ड?" उंटाने विचारलं. "बोर्ड भिंतीत पक्का बसवलाय."

"बोर्ड राहू दे तिथेच," वाफकाका म्हणाले. "तार लांबव. आम्ही तसंच केलं होतं. भिंत फोडत बसू नकोस."

खाली पंप सुरू झाला. खिडक्या थरथरू लागल्या, सगळे थांबले. पंप थांबल्यावर उंट जरा घुटमळत म्हणाला, "पण ताई, त्या सकाळी तो आकडा खरा असतो ना?"

"खरा असतो," ती हात झटकत म्हणाली. खडूची पूड उडाली. "पण अहवालाच्या कामाचा नसतो."

तिने सांगितलेली पद्धत बरोबर होती. आजही कुणालाही विचारा, वर्षभराचा हिशेब तसाच करायचा असतो. तिच्या डोक्याच्या एका कप्प्यात दादाची तिरसट टाकी होती आणि दुसऱ्या कप्प्यात उंटाची उसळी. पण उंटाची टाकी कुठेच नव्हती. तिला गाव नव्हतं, फाटक नव्हतं, तिच्यात उतरणारा माणूस नव्हता. ती फळ्यावरची टाकी होती.

पुढचा आठवडा गेला. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी ती रंगाच्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवत होती तेव्हा वहिनीचा फोन आला. तिच्यामागून कुणा बाईचा आवाज येत होता, "सांगा ना, सांगा त्यांना." मग त्याच बाईने फोन घेतला.

दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दादाच्या कामावरच्या जोडीदाराने दोर ओढून त्याला टाकीतून वर काढलं होतं. ओढताना दोराने त्याचेच तळवे सोलून निघाले होते. तो बाकावर हात उताणे ठेवून बसला होता आणि येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होता, "बोर्ड हिरवा होता. मी बघितलं. त्यानेही बघितलं. हिरवा होता."

तिने ते ऐकलं. त्या क्षणी ते तिच्यापर्यंत पोचलं नाही.

दोन दिवसांनी कारखान्याची माणसं घरी भेटायला आली. दाराशी चपलांचा ढीग होता, खोलीत बसायला जागा नव्हती. विभागाचे सुपरवायझर खुर्चीच्या टोकावर टेकले आणि गुडघ्यांवर हात चोळत बोलू लागले. "फार वाईट झालं. माणूस कामाचा. पण काय आहे, वहिनी, जुन्या लोकांना सवय होऊन जाते. घाई करतात. बोर्डावरचा आकडा अगदी ठीक होता, आमच्याकडे नोंद आहे. म्हणजे मशीनचा दोष नाही. आता आत गेल्यावर त्यांनी काय केलं… चक्कर वगैरे… आदल्या दिवशी सुट्टी होती, काही घेतलं बितलं असेल तर…"

वहिनी तोवर भिंतीला टेकून बसली होती. ती सरळ झाली. "काय घेतलं असेल?"

"नाही, आपलं विचारायचं म्हणून…"

"आदल्या दिवशी ते इथे जेवले. बहिणीबरोबर. मुलीला सायकल शिकवली. ते घेतलं त्यांनी. लिहा तुमच्या नोंदीत."

सुपरवायझरांनी रुमाल काढला. आणि त्यांच्यामागे, दाराच्या चौकटीत मान वाकवून उभा असलेला एक उंच माणूस तिला दिसला. त्याने तिला बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

तो उंट होता.

तो चपला न घालताच मागे सरला आणि जिना उतरू लागला. ती त्याच्यामागे धावली. खाली, सायकली ठेवायच्या जागेत, तिने त्याला गाठलं.

"तू इथे कसा?"

"ताई, तुम्ही इथे कशा?"

"माझा भाऊ."

उंट खाली बसला. सरळ जमिनीवर, दोन सायकलींच्या मध्ये, लांबलचक पाय कुठे ठेवावेत ते न कळून. "ती टाकी," तो म्हणाला. "मी यंत्र नळीपाशी नेलं. तार लांबवली. बोर्ड बघून माणसं उतरतात, हे मला माहीतच नव्हतं ताई. आईशपथ. मी वर ऑफिसात बसतो. मला वाटायचं बोर्ड आमच्यासाठी आहे."

तिला दवाखान्यातला तो बाकावरचा माणूस आठवला, आणि त्याचे उताणे हात.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"ते बोर्ड बघून उतरतात हे. दादानेच सांगितलं होतं. जेवताना."

वरून कुणीतरी तिला हाक मारली. ती तशीच उभी राहिली.

कारखान्याने चौकशीसाठी जबाब दिला त्यात लिहिलं होतं, कामगाराची बेफिकिरी. तो शब्द वहिनीच्या जिव्हारी लागला. दादा गेला हे ती सोसत होती. सकाळी उठत होती, मुलीचा डबा भरत होती. पण तो शब्द आला की तिचा हात जिथल्या तिथे थांबायचा. "मुलीने शाळेत काय सांगायचं?" ती म्हणायची. "बाबा बेफिकीर होते म्हणून गेले? चुलीजवळ मूल गेलं तरी ओरडणारा माणूस तो."

शनिवारी ती टायपिंगच्या खोलीत गेली. उंट आला नव्हता. तिने सगळं सांगितलं, उभं राहून, एकाही प्रश्नाची वाट न बघता. कचरावाली रडू लागली. वाफकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तार लांबव असं मी म्हणालो होतो," ते म्हणाले.

"काका, मी चौकशीत सांगणार आहे. इथे काय बोलणं झालं ते."

मग मागून एक जण म्हणाला, "ताई, दुःख आहे, कळतंय. पण तुम्ही हे सांगितलंत की कारखाने विचारणार, कोण कोण बसतं तिथे? माझ्या घरात मी एकटा कमावणारा आहे."

"तुमचं कुणाचं नाव मी घेणार नाही. मला माहीतच नाहीत तुमची नावं."

"पण जिना तर सगळ्यांना माहीत होईल," वाफकाका हळूच म्हणाले. "एकदा झालं की कुणी चढणार नाही तो. अगं, आपण नुसते आकडे नाही शिकलो इथे. माणसं खोटं लिहायची थांबली इथे येऊन. ते सगळं जाईल."

"दादाला बेफिकीर म्हणतायत, काका."

खाली पंप सुरू झाला नाही. कधी नव्हे ती त्या दुपारी खोली पूर्ण शांत होती.

चौकशी एका सरकारी खोलीत झाली. लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. अधिकारी बाई वयस्क होत्या, आवाज मऊ. एका बाजूला कारखान्याचे लोक, दुसऱ्या बाजूला वहिनी, ती आणि हातांना पट्ट्या बांधलेला दादाचा जोडीदार. सुपरवायझरांनी जबाब वाचला. बेफिकिरी हा शब्द आला तेव्हा वहिनीने डोळे मिटले.

ती आपली पाळी यायची वाट बघत होती. काय बोलायचं ते तिने मनात घोकून ठेवलं होतं. कुठल्या कारखान्याच्या यंत्राबद्दल बोलणं झालं, असं विचारलं तर तिच्याकडे पुरावा नव्हता. विचारणाऱ्याचं नावही तिला खरंच ठाऊक नव्हतं. सगळं उंटावर होतं, आणि उंट समोरच्या बाजूला, सुपरवायझरांच्या शेजारी, खाली मान घालून बसला होता. त्याला फक्त यंत्राच्या नोंदी द्यायला बोलावलं होतं.

त्याने नोंदी दिल्या. अधिकारी बाईंनी त्या चाळल्या. "ठीक दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि सवयीने विचारावं तसं विचारलं, "यंत्र नेहमीच्या जागेवरच होतं ना?"

सुपरवायझर "हो" म्हणून मोकळेही झाले.

"नव्हतं," उंट म्हणाला.

सुपरवायझरांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. उंट उभा राहिला होता. "झाकणापासून काढून नळीपाशी नेलं होतं. बोर्ड जुन्या जागीच होता. त्यामुळे झाकणापाशी वायू असला तरी बोर्ड हिरवाच दाखवायचा. ते बोर्ड बघून उतरले. त्यांची काही चूक नाही."

"यंत्र कुणी हलवलं?"

"मी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

उंटाने एकदाच तिच्याकडे बघितलं. "कुणाच्या नाही. माझ्या मनाने."

ती उठली. "माझ्या सांगण्यावरून," ती म्हणाली. "मी सांगितलं त्याला. यंत्र नळीपाशी ने, असं मी सांगितलं."

अधिकारी बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "आपण?"

"मी… त्यांची बहीण."

"मयताची बहीण," शेजारच्या कारकुनाने समजावलं.

बाईंचा चेहरा एकदम हळवा झाला. "बसा हं. पाणी घ्या. सख्खा भाऊ गेला की माणूस सगळं स्वतःवर ओढून घेतो. माझ्याही घरी झालंय." आणि कारकुनाकडे वळून हळूच म्हणाल्या, "हे नोंदीत घ्यायची गरज नाही."

"मॅडम, मी शुद्धीवर आहे. आमचं एक मंडळ आहे, त्यात…"

"ताई, बसा," वहिनीने तिचा हात धरून खाली ओढलं.

उंटाला 'हो' म्हणता आलं असतं. तो गप्प राहिला आणि कारकुनाची लेखणी पुढच्या ओळीवर गेली.

बेफिकिरी हा शब्द कागदावरून गेला. उंटाची नोकरी त्याच आठवड्यात गेली. बाहेर पायऱ्यांवर त्याने तिला एवढंच सांगितलं, "नाव जिन्याखाली ठेवायचं ना, ताई. मी ठेवलं."

"अरे, पण माझं नाव मीच सांगत होते."

"तुमच्यामागून सगळा जिना आला असता." तो हसायचा प्रयत्न करत होता. "जाऊ द्या. मी एकटा आहे. कुठेही जाईन." आणि तो गेला. कुठल्या गावी, ते तिला अजून माहीत नाही. त्याचं खरं नाव तिला चौकशीच्या कागदावर दिसलं होतं. तिला ते परक्या माणसाचं वाटलं.

घरी परतताना वहिनी बसमध्ये खिडकीपाशी बसली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला होता. घरी आल्यावर तिने मुलीला जवळ घेतलं आणि सांगितलं, "बाबांची चूक नव्हती. सगळ्यांसमोर सांगितलं कारखान्याच्या माणसाने." मुलगी "मला माहीतच होतं" म्हणाली आणि खेळायला खाली गेली.

मग वहिनीने चहा टाकला. पाठमोरी उभी राहून तिने विचारलं, "तुम्ही तिथे काय म्हणत होतात? मी सांगितलं, म्हणून?"

सोपी वाट होती. अधिकारी बाईंनी करून दिलेली. दुःखात माणूस काहीही बोलतो, असं म्हटलं असतं तर वहिनीने दुसऱ्यांदा विचारलं नसतं. उलट तिला जवळ घेतलं असतं.

तिने सांगितलं. खोली, नियम, फळा, टाकीची शिंक, लोकांचं हसणं, काहीही न गाळता. चहा उतू गेला. वहिनीने गॅस बंद केला, पण वळली नाही.

"ते बोर्ड बघून उतरतात, हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"याच खोलीत सांगितलं होतं त्यांनी. मी पोळ्या करत होते."

"हो."

"आणि तो मुलगा टाकी म्हणाला, सुट्टीनंतरची सकाळ म्हणाला, तरी तुम्हाला ते आठवले नाहीत?"

"नाही, वहिनी."

"कसं?"

तिने तोंड उघडलं. मंडळाची सवय, आकड्यामागचं गाव न बघायची शिस्त, हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. ते खरंही होतं. पण त्या ओट्यासमोर उभं राहून तिला ते बोलवेना.

वहिनीने सांडलेला चहा फडक्याने पुसला. फडकं पिळलं, वाळत घातलं. "सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर मी मेलेच असते. त्या मुलाची नोकरी गेली त्याचंही वाईट वाटतं मला." थोड्या वेळाने म्हणाली, "पण आता काही दिवस येऊ नका, ताई. मला तुम्हाला वाढायला जमणार नाही."

"रविवारी पण?"

"रविवारी तर नकोच."

काही दिवस म्हणजे किती, हे तिने विचारलं नाही. ती जिना उतरली. खाली भाची सायकलवर डगमगत फेऱ्या मारत होती. "आत्या, बघ, हात सोडून!" तिने ओरडून सांगितलं. आत्याने बघितलं, छान म्हटलं, आणि फाटकाबाहेर पडली.

टायपिंगच्या खोलीतलं मंडळ अजून भरतं. जिन्याचं नाव कुठल्याही कागदावर आलं नाही, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. वाफकाकांनी मात्र एक बदल केला. आकडा सांगायच्या आधी त्या जागी कोण काम करतं ते सांगायचं. माणसाचं नाव नको, पण तो सकाळी काय करतो, कुठे उभा राहतो, काय बघून पुढे जातो, ते. नव्या लोकांना हे लांबण लावल्यासारखं वाटतं. काका त्यांना कारण सांगत नाहीत. अधूनमधून तिला फोन करतात, "ये गं एकदा, एक वाफेचा घोळ आहे." ती येते म्हणते आणि जात नाही.

ती अजून त्याच प्रयोगशाळेत आहे. पट्ट्या बुडवते, आकडे लिहिते, अहवाल वेळेवर देते. पूर्वी ती फोन खणात ठेवायची, कामात वाजलेला तिला खपत नसे. आता तो वजनकाट्याच्या शेजारी, पडदा वर करून असतो. तो वाजतो. कधी कारखान्याचा असतो, कधी काकांचा. वहिनीचा अजून आलेला नाही.